लोकांच्या प्रश्नावर पीएच.डी. करायचीय? विषय ठरवण्यापासून ग्रामसभेत निष्कर्ष मांडण्यापर्यंत

‘पेट’ ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा झाली, कोर्सवर्क सुरू झालं आणि गाईड म्हणाले, “आता विषय आणा.” या टप्प्यावर बहुतेक जण शोधगंगा हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार उघडतात, जमेल असं एखादं शीर्षक निवडतात, जिल्ह्याचं नाव बदलतात आणि शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ जोडतात. प्रबंध होतो, पदवीही मिळते. ज्या गावातून प्रश्नावल्या भरून आणल्या, त्या गावाला मात्र त्यातून काय निघालं हे कधीच कळत नाही.

ज्यांना असं करायचं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः ग्रामीण पाणीपुरवठ्यावर प्रबंध केला आणि आता विद्यार्थ्यांना घेऊन गावांत जाते. उदाहरणं त्यामुळे पाण्याची जास्त येतील, पण पायऱ्या आरोग्य, शेती, शिक्षण, भाषा, कुठल्याही विषयाला लागू पडतात.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. प्रश्न ज्यांचा आहे त्यांच्यासोबत बसून तो ठरवा, आणि सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, आरआरसी या विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढे जाण्याआधी ठरवा. एकदा शीर्षक मंजूर झालं की मागाहून ‘संशोधनाचे सामाजिक महत्त्व’ हा भाग कितीही मनापासून लिहिला तरी प्रश्न बदलत नाही.

१. आधी जागा ठरवा, विषय नंतर

वारंवार जाता येईल अशीच जागा निवडा. एसटीने दोन-तीन तासांत पोहोचता येईल, रात्री मुक्काम करता येईल, ओळखीचं एखादं घर किंवा संस्था असेल, तर उत्तम. स्वतःचा तालुका असेल तर त्याहून चांगलं. दूरचा आणि ‘मागास’ म्हणून प्रसिद्ध असलेला जिल्हा केवळ सिनॉप्सिसमध्ये वजनदार दिसतो म्हणून घेऊ नका. तिथे तुम्ही दोनदाच जाल, आणि दोन भेटींत गाव कळत नाही.

ओळख कशी काढायची? तुमचं महाविद्यालय उन्नत भारत अभियानात आहे का ते पाहा. 2014 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रीय कार्यक्रमात प्रत्येक संस्थेने काही गावं दत्तक घ्यायची असतात. कागदावर ती गावं असतात, पण तिथे कुणी जात नसतं, असंही दिसेल. मग तुम्ही जा. एनएसएसच्या शिबिराचं गाव चालेल. परिसरात काम करणारी लोकसंघटना असेल तर सर्वांत चांगलं. आयआयटी मुंबईत 1985 पासून ग्रामीण तंत्रज्ञानासाठीचं ‘सितारा’ हे केंद्र आहे. तिथल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून काही आठवडे गावात राहावं लागतं. तुमच्या विद्यापीठात तशी सोय नसेल तर ती स्वतःच करून घ्या, गाईडना सांगा आणि राहायला जा.

पहिल्या भेटीला प्रश्नावली नेऊ नका. वही न्या, चालायचे बूट न्या. शिवारफेरी करा आणि ती मुख्य चौकापासून नाही, तर गावाच्या शेवटच्या वस्तीपासून सुरू करा. सरपंचांना भेटायचंच, पण गावात शिरण्याचं ते एकच दार ठेवू नका. अंगणवाडीताई, आशाताई, रेशन दुकानदार, ग्रामपंचायतीचा शिपाई, डेअरीवर दूध मोजणारा मुलगा, या लोकांना गावाची रोजची घडी माहीत असते.

आणि एका ऋतूवर गावाबद्दल मत बनवू नका. भातलावणीच्या दिवसांत हिरवंगार दिसणारं गाव एप्रिलमध्ये टँकरची वाट बघत असतं.

२. प्रश्न कुणाचा, हे तपासा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या.

आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये तिथे गेले आणि ‘सर्च’ ही संस्था उभी राहिली. सुरुवातीच्या काळात त्यांनी आदिवासींमधल्या सिकलसेल आजारावर काम केलं. वैज्ञानिक दृष्टीने ते महत्त्वाचं होतं, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही, हे डॉ. अभय बंग यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे. त्यानंतर लोकांना विचारून विषय ठरवण्याची पद्धत तिथे रुजली. दवाखानाही लोकांच्या सांगण्यावरून झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं.

राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1989 चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास बघा. बायका आपसात जे सांगत होत्या त्याची दोन गावांत रीतसर तपासणी केली, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास असल्याचं निघालं. त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार प्रामुख्याने बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांभोवतीच फिरत असे. पुढे गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. 39 गावांत प्रयोग, 47 गावं तुलनेसाठी. नवजात बालमृत्यूचा दर 62 टक्क्यांनी खाली आला आणि 1999 मध्ये तो निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ बघतात, त्यामागे हे काम आहे. लोकांचा प्रश्न घेतला म्हणून संशोधनाचा दर्जा खाली येतो, असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण पुढे करा.

आता उलट बाजू. ‘लोक’ म्हणजे एका सुरात बोलणारा समूह नव्हे. पाण्याचा विषय घेऊन महाराष्ट्रात फिरणाऱ्याने 20 मार्च 1927 विसरून चालणार नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यावरचा हक्क डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करून मिळवावा लागला, आणि त्या हक्काला विरोध करणारेही गावचे ‘लोक’च होते. म्हणून संशोधन समाजाच्या मूल्यांशी सुसंगत हवं असं जे म्हणतात, ते म्हणजे गावातल्या बहुमताला किंवा बोलक्या चार घरांना पटेल तेवढंच, असा अर्थ घेऊ नका. दोन मूल्यं भांडत असतील तर मोजपट्टी संविधानाची लावा. कुणाला बरोबरीने मिळत नाही? कुणाला बोलता येत नाही? त्यांच्याकडून प्रश्न घ्या.

व्यवहारात याचा अर्थ, एका बैठकीत विषय ठरवायचा नाही. निदान तीन वेगळ्या ठिकाणी बसा: बचत गटाच्या बैठकीत, दलित किंवा आदिवासी वस्तीत, आणि पारावर किंवा चावडीत. तिन्हीकडे एकच प्रश्न विचारा: “गावातली कुठली अडचण अशी आहे की जिचं कारण नेमकं कुणालाच माहीत नाही?” नुसतं “काय समस्या आहेत?” विचारलं तर रस्ता, गटार, घरकुल अशी मागण्यांची यादी मिळते. ती खरीच असते, पण तिच्यावर बहुतेक वेळा संशोधन लागत नाही, अर्ज लागतो. त्या अर्जाला मदत जरूर करा, पण प्रबंधाचा विषय तो नव्हे.

३. तक्रारीचा अभ्यासाचा प्रश्न कसा करायचा

अकोले तालुक्यातल्या एका वाडीत लोकांची तक्रार एका वाक्याची होती: “पाणी नाही.” योजना झालेली, टाकी उभी, घरोघरी नळ. एक आजी नळाजवळ हंडा लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, “बाई, येतं की पाणी. पण खालच्या आळीतले नळ उघडे असले की आमच्या नळाला नुसती हवा येती.” शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, मोटारीला लागणारी थ्री-फेज वीज एका आठवड्यात दिवसा असते, एका आठवड्यात रात्री, रात्रीच्या आठवड्यात टाकी भरेल याची खात्री नाही. ग्रामसेवक म्हणाले, पाणीपट्टी थकलीय, बिल भरायला पैसे नाहीत. आणि एका शेतकऱ्याने सांगितलं की होळीनंतर विहिरीलाच पाणी राहत नाही.

एका ‘पाणी नाही’मध्ये चार प्रश्न दडलेले आहेत. विहिरीचा झरा उन्हाळ्यात का आटतो, हा भूगर्भशास्त्राचा. टाकी आणि वरची वाडी यांच्या उंचीत किती फरक आहे आणि पाइप किती इंचाचा टाकलाय, हा स्थापत्याचा. वीजबिल, पाणीपट्टी आणि देखभालीचा खर्च जुळतो का, हा अर्थशास्त्राचा किंवा लोकप्रशासनाचा. कुठल्या आळीला आधी पाणी सोडायचं हे कोण ठरवतं, हा समाजशास्त्राचा. तुमचा विषय ज्यात बसतो तो प्रश्न घ्या, बाकीचे तीन लिहून ठेवा आणि दुसऱ्या विभागातल्या मित्राला द्या. एकट्याने चारही घेतले तर एकही धड होत नाही.

मोजमाप साधं ठेवता येतं. पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढ्यावर प्रत्येक नळाचा प्रवाह काढता येतो. पाणी दिवसाला किती वेळ येतं आणि घरात माणसं किती, हे धरून तो जलजीवन मिशनच्या दर माणशी दररोज 55 लिटरच्या निकषाशी ताडून बघा. उंची मात्र मोबाइलच्या जीपीएसवर विश्वासून लिहू नका. त्यात कित्येक मीटरची चूक येऊ शकते आणि नळयोजनेत दोन मीटरनेही फरक पडतो. स्थापत्य विभागातून ऑटो लेव्हल हे उंची मोजायचं यंत्र मागून आणा. वाडीतल्या पोरांना स्टाफ, म्हणजे त्याची खुणांची उभी पट्टी, धरायला लावा, ती मोजणी त्यांनाही समजते आणि नंतर आकड्यावर कुणी शंका घेत नाही.

प्रश्न पक्का झाला का, हे बघायला माझी एक कसोटी आहे: याचं उत्तर मिळाल्यावर कोण, कोणतं काम वेगळ्या पद्धतीने करेल? तिथे माणूस किंवा पद दाखवता आलं पाहिजे. शिपाई व्हॉल्व्हची वेळ बदलेल, ग्रामपंचायत टाकीची जागा बदलायचा ठराव करेल, आशाताई भेटीत आणखी एक गोष्ट तपासेल. ‘शासनाने लक्ष द्यावे’ एवढंच उत्तर येत असेल तर प्रश्न अजून सैल आहे.

विज्ञान शाखेतल्यांना वाटतं हे आपल्यासाठी नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीने दख्खनी मेंढीवर केलेलं काम बघा. मेंढपाळाची अडचण अशी की दख्खनी मेंढी सहसा एका वेळी एकच कोकरू देते. सुंदरबनातल्या गरोल जातीच्या मेंढीत जास्त कोकरं होण्याचं जनुक असतं. ते दख्खनी मेंढीत आणताना तिचा काटकपणा, मैलोन्‌मैल चालण्याची ताकद आणि आकार टिकवणं गरजेचं होतं, कारण मेंढपाळाचं सगळं जगणं चालण्यावर आहे. म्हणून पुन्हापुन्हा दख्खनीशीच संकर केला गेला आणि चाचणी संस्थेच्या आवारापुरती न ठेवता मेंढपाळांच्या कळपांतही झाली. प्रयोगशाळेतलं जनुकशास्त्र आणि धनगराची गरज एकाच संशोधनात बसली.

४. नवं गोळा करण्याआधी जुनं बाहेर काढा

गावाला तोच प्रश्न दहाव्यांदा विचारणं हा त्यांच्या वेळेचा अपमान आहे. आधी हे बघा:

- शोधगंगा आणि तुमच्या विद्यापीठाचं ग्रंथालय: त्याच तालुक्यावरचे प्रबंध. शेवटची ‘शिफारशी’ची पानं वाचा आणि त्यातलं काय झालं ते गावात विचारा. कधीकधी हाच चांगला विषय ठरतो.
- 2011 च्या जनगणनेची गावनिहाय माहिती. जुनी आहे, पण गावाची लोकसंख्या आणि सोयी यांचा अंदाज येतो.
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी. पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते.
- ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही), पाणीपट्टी वसुलीची वही, ग्रामसभेची इतिवृत्तं.
- पंचायत समितीत टँकरच्या फेऱ्यांची नोंद, अंगणवाडीत वजनांची नोंदवही, प्राथमिक आरोग्य केंद्रातली रजिस्टरं.
- भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा, महाभूलेखवर सातबारा.

मागून मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. पण आधी समोर बसून मागा. अर्ज टाकला की नातं बदलतं, आणि तुम्हाला त्या कार्यालयात पुढची काही वर्षं जायचं आहे.

पोर्टलवरचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. ‘नळजोडणी झाली’ आणि ‘नळाला पाणी आलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शासकीय अहवालातलं गणित स्वतः करून बघणं, हेही संशोधनच आहे, आणि कधीकधी शंभर प्रश्नावल्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात शेतमजुराचं किमान वेतन दिवसाला 4 रुपये होतं आणि त्याला आधार होता पागे समितीच्या अहवालाचा. अभय बंग यांनी त्या अहवालातला हिशेब तपासला. माणसाला लागणारं अन्न, कुटुंबाचा खर्च असं सगळं पुन्हा मांडलं आणि दर 12 रुपये यायला हवा हे दाखवलं. पुढे सरकारला तो वाढवावा लागला.

५. कागदपत्रं आणि परवानग्या

ही यादी छापून फाइलला लावा. एक कागद राहिला की महिना जातो.

- विभागप्रमुखांच्या सहीचं, शिक्क्याचं मराठी पत्र. इंग्रजी पत्र पंचायत समितीत चालतं, पण गावात मराठीच वाचलं जातं. किमान दहा प्रती.
- विद्यापीठाचं ओळखपत्र.
- ग्रामपंचायतीचं संमतीपत्र, शक्य असेल तर ग्रामसभेचा ठराव. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रात ठरावाचाच आग्रह धरा. तिथे ग्रामसभा म्हणजे नुसता उपचार नाही, तिला कायद्याने अधिकार दिलेले आहेत.
- संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता. माणसांच्या आरोग्याशी संबंधित काहीही असेल तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. समितीची बैठक रोज होत नसते, तारीख आधीच विचारून ठेवा.
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र, लोक बोलतात त्या भाषेत.
- आश्रमशाळेत जायचं असेल तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाची परवानगी. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शिक्षण विभागाची.
- वनक्षेत्र किंवा अभयारण्यात नमुने घ्यायचे असतील तर वनविभागाची लेखी परवानगी. हिला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, विषय ठरताच अर्ज करा.

साधनं: जाड पुठ्ठ्याची वही, मीटर टेप, पाण्याची पातळी मोजायला वजन बांधलेली खुणांची दोरी, पॉवर बँक. नकाशासाठी क्यूजीआयएस आणि प्रश्नावलीसाठी कोबो टूलबॉक्स. कोबो नेटवर्क नसतानाही मोबाइलवर चालतं आणि नंतर माहिती वर चढवता येते, वाड्यांवर त्याशिवाय काम होत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात: बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पण त्या वेळेवर जमा होतील असं धरून क्षेत्रकार्याचं नियोजन करू नका.

६. गाईड आणि आरआरसी यांना पटवणं

समितीत हमखास दोन प्रश्न येतात. “यात नावीन्य काय?” आणि “एका गावावरून निष्कर्ष कसा काढणार?”

पहिल्याचं उत्तर पायरी ४ मधून मिळतं. उपलब्ध नोंदी काय सांगतात, लोक काय सांगतात आणि दोन्हींत कुठे तफावत आहे, हे तक्त्यात मांडा. ती तफावत म्हणजे तुमचं नावीन्य. दुसऱ्यासाठी आधीच तयारी ठेवा: दोन-तीन वेगळ्या भूरचनेची किंवा समाजरचनेची गावं घ्या, किंवा एका गावात पद्धत तयार करून ती दुसऱ्या गावात तपासा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईने गावपातळीवरच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवली आणि ती हजारो गावांसाठी वापरली गेली. आकडे गावागावाला वेगळे निघतात, पद्धत तीच लागू होते, हे समितीला पटतं.

सिनॉप्सिसमध्ये संशोधन पद्धतीतच लिहा: ‘प्रश्न निश्चितीसाठी वस्तीनिहाय बैठका’ आणि ‘निष्कर्षांचे ग्रामसभेत सादरीकरण’. वेळापत्रकातही त्यांना महिने द्या. लिहून मंजूर झालं की ते तुमचं काम ठरतं. नाहीतर शेवटच्या वर्षी कुणीतरी म्हणतं, “हे आता कशाला?”

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान 3 आणि साधारण कमाल 6 वर्षं मिळतात. त्यात उन्हाळे तीन ते सहाच येतात. पाण्याचा, रोजगाराचा किंवा स्थलांतराचा विषय असेल तर एक उन्हाळा हुकला की सरळ वर्ष गेलं. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्तीही या नियमांत राहिलेली नाही, पण विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो पीएच.डी. विभागात लेखी विचारा. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांच्या ईमेलना उत्तर देऊ नका.

७. क्षेत्रकार्य: वेळ, संमती आणि खोटी आशा

*वेळ.* ऊसतोडीची कुटुंबं साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपला की येतात. वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर जातात, पावसाआधी परततात. तुम्ही जानेवारीत घरोघरी सर्वेक्षण केलंत तर ज्यांनी उचल (आगाऊ मजुरी) घेतली, ज्यांच्या पोरांच्या शाळेचं नुकसान होतं, ती सगळी माणसं तुमच्या आकड्यांतून गायब. कुलूप असलेलं घर ‘उत्तर नाही’ म्हणून सोडू नका. कुठे गेले, कधी येणार, शेजाऱ्यांकडून लिहून घ्या आणि परत जा. बायकांशी बोलायचं तर दुपारी दोन ते चार. सकाळी त्यांना अडवून प्रश्न विचारू नका.

*संमती.* कागद पुढे करून “इथे सही करा” म्हणजे संमती नव्हे. वाचून दाखवा, मग त्यांनाच विचारा, “मी काय करायला आलेय, तुम्हाला काय समजलं?” उत्तर ऐकल्यावर कळतं. अंगठा लावणाऱ्यांसाठी तुमच्या गटाबाहेरचा साक्षीदार ठेवा. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, नंदुरबारला भिलीच्या बोली. तिथे मराठी माहितीपत्रक म्हणजे परक्या भाषेतला कागद. स्थानिक शिकलेली मुलगी किंवा मुलगा सोबत घ्या आणि त्यांना मानधन द्या. नाही म्हणायचा हक्क सांगताना सरपंच, मुकादम किंवा मास्तर शेजारी उभे नसावेत.

*कोण बोलतंय.* महिला सरपंचांच्या घरी उत्तरं त्यांचे पती देतात, हे तुम्हाला भेटणारच. वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या बैठकीत ताईंना गाठा.

*माहितीची सुरक्षा.* आधार क्रमांक, बँक खातं, जातीचा दाखला यांचे फोटो घेऊ नका, मागू नका. नावांची यादी आणि उत्तरं वेगवेगळ्या फाइलमध्ये ठेवा. लहान गावात ‘विधवा, वय 34, दोन मुली’ एवढं लिहिलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतं. नाव बदलून भागत नाही, तपशीलही बदला किंवा गाळा.

*आशा.* हातात वही घेऊन शिक्षित माणूस घरात आला की ‘योजनेत नाव लागणार’ असं वाटतंच. पहिल्या वाक्यात सांगा: “मी विद्यार्थिनी आहे. यातून लगेच काही मिळणार नाही. पण जे समजेल ते परत येऊन सांगेन.” हे म्हटल्यावर काही जण बोलायचं टाळतात. टाळू द्या.

८. लोकांचं ज्ञान घेताना

वनौषधी, बियाणं, देवराई, गाणी, बोली यांवर काम करणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी.

1995 मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्यासाठी पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या केंद्रीय वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना त्याविरुद्ध लढा दिला गेला, जुने ग्रंथ आणि लेख पुरावे म्हणून सादर झाले, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या आजीच्या हातातली हळद आपलीच आहे हे सिद्ध करायला कागद लागला. मग ज्यांच्याकडे कागदच नाही, त्या वैदूंचं आणि माडिया बाईचं ज्ञान आपण प्रबंधात छापतो तेव्हा काय होतं, याचा विचार करा.

जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आधी समितीशी बोला. कोणती माहिती छापायची आणि कोणती नाही हे माहिती देणाऱ्याला ठरवू द्या. वनस्पतीचं नेमकं ठिकाण कधीही छापू नका, पुढच्या हंगामात ती उपटलेली दिसेल. देवराईतून पान-काडी आणायची नाही असा नियम असेल तर तो पाळा. नमुना मिळाला नाही म्हणून प्रबंध अडत नाही. फोटो आणि वर्णनावर कितीतरी काम होतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगट आहे, आणि गावाचे निर्णय सर्वसहमतीने होतात. बाहेरच्या अभ्यासकाने तिथे शिकवायला जायचं नसतं, सोबत बसून शिकायचं असतं. तुमच्या गावात असा गट नसेल तर पाच-सहा जणांचा करता येतो.

९. निष्कर्ष परत नेणं

हे व्हायवानंतर, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेनंतर, करायचं काम नाही. प्रबंध सादर करण्याच्या किमान तीन महिने आधी करा, कारण ग्रामसभेत तुमच्या चुका निघतात आणि त्या दुरुस्त करायला वेळ हवा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरण्याची पद्धत आहे. आधीच ग्रामसेवकांना पत्र देऊन विषयपत्रिकेत दहा मिनिटं मागून घ्या. ध्वजवंदनानंतरच्या सभेला गर्दी असते पण सगळ्यांना घाई असते, म्हणून आदल्या संध्याकाळी प्रत्येक वस्तीत वेगळं सांगा.

काय न्यायचं? दोन पानी मराठी टिपण, मोठ्या अक्षरात. गावाचा नकाशा फ्लेक्सवर, त्यात प्रत्येक वस्ती आणि तिथला आकडा. वाडीला खालच्या आळीच्या किती पट कमी पाणी मिळतं, हे नकाशावर दिसलं की चर्चा आपोआप सुरू होते. ती तापली तर मध्ये पडून निवाडा देऊ नका, मोजणी कशी केली एवढंच सांगा. एखाद्या वस्तीचं नाव घेतल्याने तिच्यावर राग निघेल अशी शक्यता असेल तर आधी त्या वस्तीला विचारा आणि त्यांनी नको म्हटलं तर तो भाग सभेत मांडू नका.

मग हेच टिपण पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांना आणि संबंधित विभागाच्या उपअभियंत्यांना द्या, पोच घ्या आणि पोचेची प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. पुढे पाठपुरावा करताना गावाला तोच कागद कामी येतो. मूळ मोजणीची फाइल, नावं काढून, पेन ड्राइव्हवर ग्रामपंचायतीला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना द्या. दुसरा विद्यार्थी आला तर त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. ज्यांनी स्टाफ धरला, दुभाषा म्हणून काम केलं, विहिरीची पातळी दर आठवड्याला लिहून ठेवली, त्यांची नावं त्यांच्या परवानगीने ऋणनिर्देशात घाला; काम मोठं असेल तर शोधनिबंधात सहलेखक म्हणून घाला. त्याला सहसा विद्यापीठाची आडकाठी नसते.

प्रबंध इंग्रजीत असेल तर विद्यापीठाला मराठी सारांश जोडण्याबद्दल आधी विचारा. परवानगी मिळाली तर तो शोधगंगेवर प्रबंधासोबतच जातो, आणि तालुक्यातल्या पुढच्या मुलाला मोबाइलवर आपल्या गावाचं नाव शोधून तो वाचता येतो.